अंगणातला दिवा

मराठी घरात उजेडाला दोन मानाच्या जागा होत्या. एक देवघरातील समई आणि दुसरी अंगणातील तुळशीवृंदावनाची दिवळी. समई घरातल्यांची, वृंदावनाचा दिवा मात्र उघड्यावरचा, वाटसरूलाही दिसणारा. कोकणात त्यात उंडीचे तेल जळे, देशावर करडईचे. तेल मोलाचे, म्हणून वात लहान. आणि तेल सरले की दिवा आपोआप शांत होई. कार्तिकात उंच काठीवर आकाशदिवा चढे, त्रिपुरी पौर्णिमेला देवळांपुढील दीपमाळा उजळत. घराबाहेर उजेड करण्याची हौस, म्हणजे, नवी नव्हे. परंतु त्या हौसेला वेळ आणि जागा नेमून दिलेली होती. उरलेली रात्र अंधाराची होती.

ही मर्यादा विजेने कशी सैल केली, हे बेंगळूरच्या इतिहासात स्पष्ट दिसते. हे शहर मराठी मनाला परके नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने ते जिंकल्यावर शहाजीराजांना जहागिरीत मिळाले आणि १६८७ पर्यंत भोसल्यांकडे राहिले. पुढे म्हैसूर संस्थानाने कावेरीवरील शिवनसमुद्र येथे वीजकेंद्र उभारले. १९०२ मध्ये तेथील वीज सुमारे १४७ किलोमीटर तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोहोचली, आणि १९०५ च्या ऑगस्टमध्ये बेंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले.

रस्त्यावरून हा उजेड बागेत शिरला. दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या काळात कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी जे उद्यान साकारले, त्याचे नावही योगायोगाने ‘वृंदावन’. तेथील रंगीत कारंजी पाहून पुष्कळांना प्रथमच कळले, की दिवा केवळ वाट दाखवण्यासाठी नसून झाडे आणि पाणी सजवण्यासाठीही असू शकतो. मात्र ही रोषणाई संध्याकाळच्या ठरावीक वेळेपुरतीच. तेलाची जुनी मर्यादा येथे घड्याळाने सांभाळली.

ती मोडली स्वस्ताईने. जुना तारेचा दिवा बहुतेक वीज उष्णतेत दवडी. घरगुती बागेत तो रात्रभर जाळणे परवडत नसे. निळा प्रकाश देणाऱ्या अर्धवाहक दिव्यामुळे अल्प विजेत पांढरा उजेड मिळू लागला. त्या शोधाला २०१४ मध्ये नोबेल पारितोषिक लाभले.

आज याचा परिणाम पाहायचा तर बेंगळूरच्या आग्नेयेस बेळ्ळंदूरला जावे. सुमारे ९०० एकरांच्या तळ्याकाठचे हे गाव आता संगणक कंपन्यांच्या वस्तीत मिसळून गेले आहे. तळ्यावरचा फेस आणि २०१७ मध्ये त्याला लागलेली आग देशाने पाहिली. अंधाराचे आटणे मात्र डोळ्यांत भरत नाही. कारण ते शोभेच्या रूपाने येते. कुंपणाआडच्या घरांत झाडांच्या बुंध्याशी, पायवाटेला, भिंतीवर दिवे बसतात, आणि माणसे निजल्यावरही ते जागेच राहतात.

त्याची किंमत प्रथम कीटक देतात. उडणारा कीटक उजेडाच्या दिशेला पाठ ठेवून स्वतःला सावरतो. युगानुयुगे वर आकाश उजळ आणि खाली जमीन काळोखी होती, म्हणून हा नियम त्याला तारत आला. जवळचा दिवा त्याची फसगत करतो आणि तो त्याभोवती घिरट्या घालत राहतो. कवींनी ज्याला प्रेम मानले, तो वस्तुतः दिशाभ्रम आहे. रातराणी सुगंध पसरते ती या निशाचर पतंगांसाठी. आणि तिच्याच मुळाशी दिवा लावून आपण तिचे पाहुणे वाटेत अडकवतो.

दुसरी किंमत आकाशाची. २०१६ च्या एका जागतिक नकाशानुसार एकतृतीयांशाहून अधिक मानवजातीला आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाही. म्हणूनच २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला ‘गडद आकाश उद्यान’ ही आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ही आनंदाची आणि विचार करायला लावणारीही गोष्ट होय. अंधाराला आता अभयारण्य लागते!

यासाठी बागेतील दिवे काढून टाकण्याचे कारण नाही. दिव्याला वरून झाकण असावे, उजेड पिवळसर आणि जमिनीकडे असावा, आणि निजताना तो मालवावा, एवढे पुरे. अंगणातील पणतीला हे शहाणपण तेलाने शिकवले होते. आता तेल सरत नाही. म्हणून ते माणसाने शिकावयाचे आहे.