बँटमचं पिल्लू नर की मादी? जात कोणती? असं ओळखा

बँटम म्हणजे लहान चणीची कोंबडी. अनेक जण हौसेने तिची पिल्लं घेतात. ‘सगळ्या माद्या आहेत’ असं सांगून विकलेली काही पिल्लं मात्र पुढे पहाटे आरवू लागतात आणि शेजारी तक्रार घेऊन येतात. हे टाळायचं कसं?

जात कशी ओळखायची?
आधी पाय पाहा. बहुतेक कोंबड्यांच्या पायाला चार बोटं असतात, सिल्कीला पाच. तिची कातडी काळी आणि पिसं कापसासारखी मऊ असतात. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा कडकनाथही काळ्या कातडीचा, पण त्याला चारच बोटं आणि पिसं नेहमीसारखी. पेकिन बँटमच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात.

नर की मादी?
एकाच जातीची, एकाच वयाची पिल्लं शेजारी ठेवून पाहा. साधारण सहा ते आठ आठवड्यांत नराचा तुरा मोठा आणि लाल होऊ लागतो, मादीचा लहान व फिकट राहतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नराच्या शेपटीच्या वर लांब, टोकदार पिसं येतात. मादीची गोलसर असतात.

अपवाद कोणते?
इंग्लंडच्या सिब्राइट जातीत नराची पिसंही मादीसारखी गोलसर असतात. सिल्कीच्या मऊ पिसांत फरक लवकर कळत नाही, त्यामुळे काही महिने थांबावं लागतं.

एक दिवसाच्या पिल्लाचं काय?
प्रशिक्षित माणूस गुदद्वार तपासून सांगू शकतो. घरी हा प्रयोग करू नका, पिल्लाला इजा होते. दोऱ्याला अंगठी बांधून फिरवण्याच्या युक्तीलाही आधार नाही.

कोंबडा नकोच असेल, तर तुरा दिसू लागल्यावरच पिल्लू घ्या.