आजार नेमका कधी सुरू झाला? न्यूयॉर्कच्या पोलिसांची गोष्ट

विम्याचा किंवा नुकसानभरपाईचा फॉर्म घेऊन रुग्ण येतात तेव्हा एका रकान्यापाशी माझं पेन हमखास अडतं: आजार कधी आणि कशामुळे सुरू झाला? हात मशीनमध्ये सापडला असेल तर तारीखच काय, वेळही लिहिता येते. पण वीस वर्षं गिरणीतली कापसाची धूळ छातीत गेलेल्या माणसाच्या धापेची तारीख कोणती लिहायची, सांगा.

कामावरच्या दुखापतीच्या भरपाईचे कायदे जर्मनीत १८८४, ब्रिटनमध्ये १८९७ आणि आपल्याकडे १९२३ मध्ये आले. ते मुख्यतः अपघात डोळ्यांसमोर ठेवून केलेले होते. सावकाश येणारा आजार त्यांत नीट बसत नाही. याचं सर्वांत बोलकं उदाहरण न्यूयॉर्कच्या पोलिसांचं आहे.

११ सप्टेंबर २००१ ला जुळे मनोरे कोसळले. पोलीस, अग्निशामक आणि मजूर पुढचे कित्येक महिने त्या ढिगाऱ्यावर राबत होते. सिमेंट, जिप्सम, काचेचे तंतू, ॲस्बेस्टॉस असं सगळं त्या धुळीत होतं. सिमेंटमुळे ती क्षारयुक्त, म्हणजे श्वासनलिकेला पोळणारी. तरी आठवडाभरातच पर्यावरण खात्याच्या प्रमुखांनी हवा श्वास घ्यायला सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. अनेकांच्या तोंडावर धड मास्कही नव्हता.

खोकला लगेच सुरू झाला. कॅन्सरचं तसं नसतं. पेशी बिघडल्यापासून गाठ हाताला लागेपर्यंत वर्षं जातात, आणि तोवर कागदावर तुम्ही धडधाकट असता.

न्यूयॉर्क शहराचे पोलीस साध्या कामगार भरपाई कायद्यात येत नाहीत, त्यांची व्यवस्था वेगळी आहे. पण आजार कामामुळेच झाला हे दाखवण्याचं ओझं तिथेही आजारी माणसावरच होतं. २००५ मध्ये राज्याने पेन्शनपुरता नियम उलटा केला. तिथे काम केलेल्याला ठरावीक आजार झाला तर तो कामामुळेच झाला असं गृहीत धरायचं. उलटं सिद्ध करायचं असेल तर समोरच्याने करावं.

आता जेम्स झाड्रोगा या पोलीस डिटेक्टिव्हबद्दल. ढिगाऱ्यावर शेकडो तास काम केलेला हा माणूस जानेवारी २००६ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी गेला. न्यू जर्सीत शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी दोष धुळीला दिला. २००७ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांनी सांगितलं, फुफ्फुसातले कण गोळ्या कुटून शिरेतून टोचल्यामुळे आलेले आहेत. कुटुंबाने ते मानलं नाही. फुफ्फुसं तीच आणि दोन्ही डॉक्टर जाणकार! आमचं शास्त्र एकेका माणसाबाबत किती अडखळतं, हे रुग्णांना सहसा कळत नाही. आम्हीही फारसं सांगत नाही.

झाड्रोगाच्याच नावाच्या कायद्यावर २ जानेवारी २०११ ला सही झाली. त्यातून मोफत उपचारांची योजना आली. तिथे तीन गोष्टी पाहतात: तुम्ही तिथे किती काळ होतात, आजार यादीत आहे का, आणि धुळीचा त्यात मोठा वाटा असावा असं डॉक्टरांना वाटतं का. सुरुवातीला यादीत कॅन्सर नव्हता. तो २०१२ मध्ये आला.

भरपाईचा निधी मात्र आटत चालला. २०१९ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं की प्रलंबित दाव्यांना निम्मीच रक्कम मिळेल आणि नव्यांना ७० टक्के कमी. ११ जूनला लुईस अल्वारेझ हे निवृत्त डिटेक्टिव्ह संसदेच्या उपसमितीपुढे बसले. आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलेला, दुसऱ्या दिवशी केमोथेरपीची ६९ वी खेप ठरलेली. स्वतःसाठी नव्हे, मागून आजारी पडणाऱ्यांसाठी ते बोलले. २९ जूनला ते गेले, वय ५३.

बरोबर महिन्याने, २९ जुलैला नव्या कायद्यावर सही झाली. दाव्यांची मुदत आता २०९० पर्यंत आहे. त्या दिवशी तान्हं असलेलं मूल तेव्हा नव्वदीच्या घरात असेल.