मल्टीमीटर ‘ओके’ म्हणतो, तरी फोन चार्ज का होत नाही? चार्जर, केबल आणि सेलची खरी तपासणी

मागच्या उन्हाळ्यात आईचा सांगलीहून फोन आला. "अरे, मोबाईल चार्जच होईना बघ. रात्रभर लावला तरी सकाळी चाळीस टक्के. दुकानदार म्हणतोय बॅटरी गेली, अठराशे रुपये लागतील." म्हटलं, थांब, शनिवारी येतोय, तोपर्यंत काही करू नकोस.

शनिवारी बॅगेत पिवळा मल्टीमीटर टाकून घरी गेलो. चार्जर तपासला, ५.१ व्होल्ट. केबलच्या दुसऱ्या टोकाला तपासलं, तिथेही ५.१. म्हणजे मीटरच्या मते सगळं ओके. मग दुकानदार बरोबर म्हणतोय का? नाही. केबलच खराब होती. मीटर खोटं बोलत नव्हता, मी त्याला प्रश्न चुकीचा विचारला होता.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. कॉलेजात पहिल्या वर्षी लॅबमध्ये मल्टीमीटर धरला, त्यानंतर पाच-सहा वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही. त्यामुळे खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं चुका करून शिकलेलं आहे.

आधी मीटरबद्दल

दोन-तीनशे रुपयांत मिळणारा डीटी ८३० जातीचा मीटर आपल्या कामाला पुरतो. काळा प्रोब ‘कॉम’ लिहिलेल्या छिद्रात, लाल प्रोब व्होल्ट-ओहमच्या छिद्रात, आणि डायल डीसी व्होल्टच्या २० वर. झालं.

तिसरं छिद्र असतं १० एम्पिअरचं. तिथे लाल प्रोब घालून चार्जरला किंवा सेलला कधीही लावू नका. करंट मोजताना मीटर स्वतः जवळजवळ सरळ तारेसारखा वागतो, म्हणजे तुम्ही थेट शॉर्ट करत असता. बऱ्याच स्वस्त मीटरमध्ये त्या छिद्राला फ्यूजसुद्धा नसतो. "सेल किती एम्पिअर देतो बघू" म्हणून असं करणारे व्हिडिओ आहेत, ते बघून सोडून द्या. आणि हो, भिंतीवरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये असल्या मीटरचे प्रोब घालायचे नाहीत. आपलं काम चार्जरच्या फोनकडच्या बाजूला आहे.

चार्जर: शून्य दिसलं म्हणजे मेला असं नाही

जुन्या, चौकोनी यूएसबी-ए पोर्टच्या चार्जरमध्ये ५ व्होल्ट कायम असतात. पोर्टमध्ये प्रोब खुपसण्यापेक्षा एखादी टाकाऊ केबल कापा, लाल आणि काळी तार सोला आणि त्यावर मोजा. (स्वस्त केबलमध्ये रंगांचा भरवसा नसतो. आकड्यापुढे उणे चिन्ह आलं तर तारा उलट्या आहेत एवढंच.) ४.७५ ते ५.२५ दिसलं की ठीक. किंचित जास्त दिसलं तरी घाबरू नका, केबलमध्ये होणारी घट धरून काही चार्जर मुद्दाम थोडे वर ठेवलेले असतात.

आता गंमत. तुमचा ६५ वॅटचा नवा टाइप-सी चार्जर, त्याला सी-टू-सी केबल, आणि त्या केबलच्या लाल-काळ्या तारांवर मीटर लावला की दिसतं शून्य! चार्जर बिघडलेला नाही. टाइप-सी चार्जर समोर खरोखर काही उपकरण आहे याची खात्री झाल्याशिवाय वीज सोडतच नाही. फोनच्या आत त्यासाठी ५.१ किलोओहमचा एक छोटा रेझिस्टर असतो, तो दिसला की चार्जर आधी ५ व्होल्ट देतो. मग फोन आणि चार्जर आपसात बोलून ९ किंवा जास्त व्होल्टवर जातात. मीटरला ही भाषा येत नाही. त्यामुळे "मीटरवर फक्त ५ दाखवतोय, फास्ट चार्जर नकली आहे" हा निष्कर्षही तितकाच चुकीचा.

केबल: बीप वाजला म्हणून खूश होऊ नका

बहुतेक जण केबल तपासतात ती बझरने. दोन टोकांना प्रोब, बीप वाजला, केबल पास. पण काही दहा ओहम रेझिस्टन्स असला तरी बझर वाजू शकतो, आणि फोनच्या केबलला अर्धा ओहमसुद्धा जड जातो. ओहमचं साधं गणित करा: २ एम्पिअर गुणिले ०.४ ओहम म्हणजे ०.८ व्होल्ट केबलमध्येच गेले. फोनपर्यंत ४.२ पोचले. फोनला ते जाणवतं, तो आपणहून करंट कमी घेतो आणि चार्जिंग रखडतं.

मीटरच्या ओहम रेंजवर हे पकडता येईल का? अवघड आहे. स्वस्त मीटरच्या प्रोबच्या तारांचाच रेझिस्टन्स ०.३-०.५ ओहम असतो.

म्हणून लोड लावून मोजायचं, म्हणजे वीज खरोखर वाहत असताना. यासाठी छोटा यूएसबी टेस्टर मिळतो, केबल आणि फोनच्या मध्ये बसतो, व्होल्ट आणि एम्पिअर दोन्ही दाखवतो. आईच्या केबलवर फोन जोडल्यावर आकडा आला ४.३ व्होल्ट, ०.४ एम्पिअर. ५.१ मधून ४.३ गेले, उरले ०.८. त्याला ०.४ ने भागा, २ ओहम! तोच चार्जर, तोच फोन, फक्त माझी केबल लावली तर ४.९ व्होल्ट आणि १.७ एम्पिअर. हिशोब ढोबळ आहे, चार्जरचा व्होल्टेजही लोडवर थोडा उतरतो, पण कोण गुन्हेगार ते कळायला पुरेसा आहे. दीडशेची केबल घेतली, अठराशे वाचले.

सेल: इथे मी स्वतः फसलो

हीच चूक त्याआधी मी महागात केली होती. एका जुन्या पॉवर बँकेतला १८६५० सेल काढला. १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळीचा आकार. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या, टॉर्च, आणि भारतात २०१९ पासून बंदी असलेल्या ई-सिगारेटींमध्येही हाच सेल सापडतो. पूर्ण चार्ज ४.२ व्होल्ट, मधला ३.६-३.७. माझ्या मीटरवर दिसले ४.०५. म्हटलं, एक नंबर. टॉर्चमध्ये घातला आणि गुंजवण्याहून रात्री राजगड चढायला निघालो. चोर दरवाजाच्या खालच्या खड्या टप्प्यावर टॉर्च विझला. बाकीचे दोघे पुढे, माझ्या एका बाजूला दरी आणि मोबाईल ११ टक्क्यांवर. तिथेच बसून राहिलो, ते परत खाली येईपर्यंत.

घरी येऊन तपकीर गल्लीतून ५ ओहम, १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर आणला. सेल पुन्हा चार्ज करून होल्डरमध्ये बसवला. मोकळा असताना ४.०५. रेझिस्टर जोडला, पाच सेकंदांत ३.१. करंट ३.१ भागिले ५ म्हणजे ०.६२ एम्पिअर. घट ०.९५, भागिले ०.६२, म्हणजे सेलच्या आतलाच रेझिस्टन्स दीड ओहमचा. चांगला सेल याच चाचणीत ४.०२ वरून ३.९४ ला येतो, साधारण ०.१ ओहम, त्यातही थोडा वाटा होल्डरचा. पाच-दहा सेकंदच जोडा, रेझिस्टर चांगलाच तापतो.

काही सेल मात्र तपासायचेच नाहीत. फुगलेला, चेपलेला, वरचं प्लास्टिक फाटलेला सरळ बाजूला. २ व्होल्टच्या खाली जाऊन पडून राहिलेला सेल चार्ज करून ‘जिवंत’ करू नका. तेवढा उतरल्यावर आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते भलतीकडे साचून आतून शॉर्ट होऊ शकतो. चपट्या पाकिटासारखा सेल असलेली पॉवर बँक तर उघडूच नका. ती बहुधा चिकटवलेली असते, स्क्रूड्रायव्हर घुसवला की टोक थेट सेलमध्ये.

‘९९०० एमएएच’ छापलेला १८६५० स्वस्तात दिसला तर तो मोजायचीही गरज नाही. या आकारात चांगल्या कंपन्या ३५०० च्या आसपास पोचतात. पॉवर बँक घेताना मागे बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा.

राजगडवाल्या सेलच्या दोन्ही टोकांना टेप लावून तो पत्र्याच्या डब्यात ठेवलाय. घंटागाडीत टाकायचा नाही, कचऱ्यात दाबला गेला तर पेट घेतो. सोसायटीत ई-कचरावाले येतील तेव्हा त्यांच्याकडे जाईल. आईची जुनी केबल मात्र कापून ठेवली आहे, चार्जर तपासायला.