पूर्णाकाठचे मीठ आणि वऱ्हाडचा रक्तदाब

सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यात वसलेल्या हिवरखेडहून पूर्णेच्या दिशेने दक्षिणेकडे जो निघेल, त्याला शिवारात फारसा फरक जाणवणार नाही. तीच काळी माती, तीच कपाशी, मधूनमधून तेच तुरीचे तास. परंतु एखाद्या विहिरीचे पाणी तोंडात घेताच मुलूख बदलल्याची खूण त्याला पटेल. डोंगरातून वाहून आलेल्या गोटे-रेतीच्या थरांत पायथ्याच्या गावांना गोडे पाणी लाभते. उलट अकोला, अमरावती व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून सुमारे 4,700 चौरस किलोमीटर पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणीच क्षारयुक्त असून, ते ना पिकाला मानवते, ना माणसाला.

एके काळी हे खारेपण या प्रांताचे उत्पन्न होते. याच पट्ट्यातील दहीहंडा गावाच्या आसपास खोल विहिरी खणून, त्यांतले पाणी उपसून आणि आटवून मीठ काढण्याची वहिवाट होती. पण 1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला, पुढे आगगाडीने समुद्राचे मीठ येऊ लागले आणि मिठावरील कर हा सरकारी महसुलाचा एक भक्कम आधार होऊन बसला, तेव्हा या विहिरींवर मनाई येऊन तो धंदा बुडाला. 1888 मध्ये मणामागे अडीच रुपये असलेला हा कर 1907 मध्ये एक रुपयावर आला, तरी ज्या घरात भाकरीबरोबर मिरची आणि मीठ एवढेच कोरड्यास असे, त्या घराला तोही जाचकच होता. म्हणूनच 1930 साली, वऱ्हाडला समुद्र नसल्यामुळे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगलचा कायदा मोडला, तर दहीहंड्याच्या लोकांनी आपल्याच खाऱ्या विहिरीच्या पाण्याचे मीठ करून कायदेभंग केला. समुद्रापासून इतक्या दूर मिठाचा सत्याग्रह व्हावा, ही घटना आपल्या इतिहासलेखनात अधिक मानाची जागा मिळण्यास पात्र आहे, असे मला मनापासून वाटते.

वैशाखाच्या उन्हात वखर हाकणाऱ्या आणि दिवसभर कापूस वेचणाऱ्या देहातून घामावाटे मीठ जाई, आणि ठेचा, लोणचे, पापड, कुरडया यांतून ते भरून येई. वऱ्हाडी जेवणाची चव या श्रमांच्या हिशेबावर घडलेली आहे. गेल्या तीन-चार दशकांत हा हिशेब मोडला. ज्वारीचे क्षेत्र सोयाबीनने घेतले, भाकरीच्या जागी पोळी आली, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. दुकानदार, शिक्षक, कारकून आणि वाहनचालक यांचा दिवस बसून जाऊ लागला. मीठ मात्र, आता स्वस्त व निर्वेध झालेले, तेवढेच राहिले नाही, तर शेव, चिवडा आणि कचोरी यांच्या रूपाने वाढले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाकाठी 5 ग्रॅमच्या आतच मीठ असावे असे सांगितले आहे. एक सपाट चहाचा चमचा भरला की ती मर्यादा संपते.

त्या मर्यादेपलीकडचे मीठ रक्तदाब वाढवते, आणि अंगाने सडपातळ म्हणून निश्चिंत राहावे, अशीही सोय नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत केलेल्या अभ्यासातून असे दाखविले, की भारतीय बालक वजनाने कमी असूनही त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. आणि हीच ठेवण पुढे पोटाचा घेर, मधुमेह व रक्तदाब यांना वाट करून देते. उपासमारीच्या पिढ्यांचा वारसा असा सुबत्तेच्या दिवसांत वसूल होतो. म्हणून रक्तदाबाच्या व्याधीला ऐदीपणाचे फळ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

खाऱ्या पाण्याबद्दल तर बांगलादेशाच्या किनारी भागात, गर्भवती स्त्रियांच्या पाहणीत, क्षारयुक्त पेयजलाचा उच्च रक्तदाबाशी संबंध आढळला आहे. त्यामुळे वारी भैरवगडच्या वान धरणातून खारपाणपट्ट्यातील गावांना नळाने पाणी देणारी 84 खेडी योजना ही केवळ सोयीची बाब न मानता आरोग्याची तरतूद मानली पाहिजे.

उपचाराचा इतिहासही महाराष्ट्राला परका नाही. रक्तदाब मोजण्यासाठी बाहूला पट्टा बांधून नाडीचे ध्वनी ऐकण्याची रीत रशियन शल्यविशारद कोरोत्कोव्ह यांनी 1905 मध्ये सांगितली. आणि मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा या विकारावरील गुण 1949 साली इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध करून जगाचे लक्ष वेधले. आज औषधे त्याहून सोपी व स्वस्त आहेत. अडचण आहे ती निराळी. 140 आणि 90 च्या वर गेलेला दाब बहुधा काहीच दुखवीत नाही, आणि "मले काई तरास नाही, तं गोयी कायले खाऊ?" असे म्हणणाऱ्या कष्टकऱ्याला, पक्षाघात होईपर्यंत, त्याचे शरीर काहीच उत्तर देत नाही. 2017 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात वर्धा व भंडारा या विदर्भातील जिल्ह्यांची निवड झाली, आणि तपासणीची नोंद ठेवून महिन्याच्या गोळ्या गावाजवळच्या उपकेंद्रातच देण्यावर तेथे भर राहिला. ज्याची रोजमजुरी बुडाली की चूल थंडावते, त्या माणसाला तालुक्याच्या गावी हेलपाटा घालावा न लागणे, हाच त्या व्यवस्थेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे.