सही तंतोतंत जुळली, म्हणूनच खोटी

जून १७७५. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात महाराजा नंदकुमार यांच्यावर खोटा कर्जरोखा केल्याच्या आरोपाखाली खटला सुरू होता. रोखा ज्याच्या नावाचा होता तो सराफ बुलाकी दास मरण पावला होता, आणि त्यावर साक्ष म्हणून ज्याचे नाव होते तो त्याचा वकील सिलाबत हाही हयात नव्हता. हे अक्षर सिलाबतचे नव्हे, असे राजा नवकृष्ण देव यांनी शपथेवर सांगितले. दुसऱ्या एका साक्षीदाराने रोख्यावरचा शिक्का आपला आहे, पण तो आपण उमटवलेला नाही, अशी जबानी दिली. कागद किती जुना, शाई कोणती, सही लिहिली की रेखाटली, हे तपासण्याची रीतच त्या काळी नव्हती. अक्षर ओळखणाऱ्या माणसाची स्मृती हेच एकमेव उपकरण होते, आणि ती माणसे नंदकुमारांची मित्र होती की शत्रू, हा प्रश्न उरतच होता. काही महिन्यांपूर्वीच नंदकुमारांनी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावर लाचखोरीचा आरोप केला होता. बनावट दस्तऐवजाला देहदंड सांगणारा इंग्लंडचा कायदा लावून ५ ऑगस्ट १७७५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. खटल्यामागच्या राजकारणावर इतिहासकार आजही वाद घालतात. पण एका सहीच्या खरेखोटेपणावर भारतात माणसाचा जीव गेला, याविषयी वाद नाही.

सहीवरचा हा अविश्वास पुढे एका वेगळ्याच शोधाला कारण झाला. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करार लिहून घेतला आणि त्यावर त्याच्या संपूर्ण तळहाताचा ठसा उमटवून घेतला. उद्देश शास्त्रीय नव्हता. ‘ही सही माझी नाही’ असे म्हणण्याचे धाडस कोनाईला पुढे होऊ नये, एवढाच होता. त्यातून हर्शेलचा बोटांच्या ठशांचा अभ्यास सुरू झाला, १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचा विभाग स्थापन झाला, आणि ठशांच्या वर्गीकरणाचे अवघड काम अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी केले. श्रेय मात्र दीर्घकाळ त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्याच पदरी पडले. सहीला आधार म्हणून आलेला ठसा विश्वासार्हतेत सहीच्या पुढे निघून गेला.

नोटांची कहाणी याच सुमारास सुरू होते. १८६१ च्या कायद्याने कागदी चलन हा सरकारचा एकाधिकार झाला आणि राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेल्या नोटा चलनात आल्या. बनावट नोटांचा सुळसुळाट इतका झाला, की ती मालिका मागे घेऊन १८६७ मध्ये नवी मालिका काढावी लागली. तिच्या कागदात नागमोडी रेषांचे जलचिन्ह होते, गुंतागुंतीची वेलबुट्टी होती आणि मजकुराखाली रंगीत पार्श्वछपाई होती. या रंगामागे विचार होता. त्या काळचे छायाचित्रण काळ्या शाईची एकरंगी नोट सहज टिपू शके. रंगांचे थर वेगळे काढणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

त्याच १८६७ साली अमेरिकेत हाउलंड मृत्युपत्राच्या खटल्यात गणितज्ञ बेंजामिन पर्स साक्षीला उभे राहिले. वादग्रस्त सही खऱ्या सहीशी इतकी जुळत होती, की एक दुसरीवर ठेवली असता तीसही खालच्या दिशेचे फटकारे एकमेकांवर बसत. पर्स यांनी मृत महिलेच्या ४२ खऱ्या सह्यांच्या ८६१ जोड्या तपासल्या. कोणताही एक फटकारा जुळण्याची शक्यता सुमारे एकपंचमांश निघाली. तेव्हा तीसही फटकारे आपोआप जुळण्याची शक्यता एकपंचमांशाच्या तिसाव्या घाताइतकी, म्हणजे जवळजवळ शून्य. हा हिशेब सदोष होता, कारण एकाच सहीतले फटकारे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. आणि न्यायालयाने निकाल वेगळ्याच कायदेशीर मुद्द्यावर दिला. तरीही त्यातले मर्म टिकून राहिले. नोट अस्सल नमुन्यापासून ढळली की खोटी ठरते. सहीचे उलट आहे. कोणीही स्वतःची सही दोनदा तंतोतंत सारखी करू शकत नाही. म्हणून पूर्णतः जुळणाऱ्या दोन सह्यांपैकी निदान एक गिरवलेली असते. नोटेवरची गव्हर्नरांची सही कोट्यवधी नोटांवर सारखीच असते, ती याच कारणाने: ती सही नसून सहीचे चित्र आहे.

भारतीय पुरावा कायद्याने १८७२ मध्ये हस्ताक्षराविषयी तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरले. मात्र असा तज्ज्ञ सरकारदरबारी नेमला गेला तो १९०४ मध्ये, बंगालात. महालेखापालांच्या कार्यालयातील चार्ल्स हार्डलेस यांची ही नेमणूक होती, आणि त्यामागचे कारण क्रांतिकारकांच्या गुप्त कागदपत्रांची भीती हे होते. दोन वर्षांत हे पद सिमल्याला, गुन्हे अन्वेषण खात्याच्या छत्राखाली गेले. भारतातील दस्तऐवज-परीक्षणाची शाखा अशी पोलिसांच्या घरात जन्मली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

पुढे काय घडू शकते, हे अलीपूर बॉम्ब खटल्यात दिसले. अरविंद घोष यांच्या घरझडतीत सापडलेले म्हणून एक इंग्रजी पत्र सरकार पक्षाने पुढे केले. धाकटे बंधू बारींद्र यांनी ते लिहिल्याचा दावा होता, आणि त्यातल्या ‘मिठाई’चा अर्थ बॉम्ब असा लावला गेला. बचाव पक्षाचे चित्तरंजन दास यांनी अक्षराच्या वळणापेक्षा घरातल्या रीतीवर बोट ठेवले. बंगाली धाकटा भाऊ थोरल्याला ‘सेजदा’ म्हणेल, ‘प्रिय बंधू’ असे परक्यासारखे लिहिणार नाही, आणि भावाला लिहिलेल्या पत्राखाली स्वतःचे संपूर्ण नाव आडनावासह घालणार नाही. शिवाय पत्राच्या तारखेला दोघेही सुरत काँग्रेससाठी एकाच गावात होते. न्यायाधीश बीचक्रॉफ्ट यांनी ते पत्र संशयास्पद मानले आणि त्यावर विसंबण्याचे नाकारले. ६ मे १९०९ रोजी अरविंद निर्दोष सुटले. नक्कल करणाऱ्याला अक्षर साधते, नाते साधत नाही.

नोटांच्या बाबतीत मात्र भौतिकशास्त्राने मोठी मजल मारली. १९२८ पासून नाशिकच्या छापखान्यात नोटा छापल्या जाऊ लागल्या, आणि १९६८ मध्ये होशंगाबादला नोटांच्या कागदाचा कारखाना उभा राहिला. आजच्या तपासणीत निरनिराळ्या तरंगलांबीच्या प्रकाशाला एकेक प्रश्न विचारला जातो. नोटेचा कागद कापसाचा असतो व त्यात शुभ्रता वाढवणारी रसायने नसतात. म्हणून अतिनील दिव्याखाली तो काळपट राहतो आणि क्रमांक व विखुरलेले तंतू तेवढे उजळतात. बाजारातला पांढरा कागद त्याच दिव्याखाली निळसर चमकून स्वतःची ओळख देतो. खरे जलचिन्ह म्हणजे कागदाच्या जाडीतला फरक. ते आरपार प्रकाशात दिसते. बनावट नोटेवर ते फिकट वा तेलकट शाईने छापलेले असले, तर तिरप्या प्रकाशात वा अतिनील दिव्याखाली उघडे पडते. पाचशेच्या नोटेतला धागा तिरका धरताच हिरव्याचा निळा होतो. ही करामत झेरॉक्सला जमत नाही.

हेच दिवे सहीवरही टाकले जातात. डोळ्यांना एकच निळी दिसणारी दोन पेनांची शाई अवरक्त प्रकाशात वेगळी पडते: एक नाहीशी होते, दुसरी काळी उरते. १,००० च्या आकड्यात मागाहून घातलेले शून्य असे पकडता येते. काजळाची जुनी देशी शाई तर अवरक्तातही काळीच राहते, कारण कार्बन तो प्रकाशही शोषतो. पण ही उत्तरे शाईविषयी आणि कागदाविषयी आहेत. सही कोणाच्या हाताची, हे ठरवताना परीक्षक रेषेचा वेग, दाब, लेखणी उचलल्याच्या जागा, गिरवताना आलेला थरथराट पाहतो, आणि तेथे मोजमापाला मताची जोड द्यावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने मुरारीलाल खटल्यात १९७९ मध्ये सावध मार्ग सांगितला. तज्ज्ञाच्या मताला दुसऱ्या पुराव्याची जोड हवीच, असा नियम नाही. पण त्या मतामागची कारणे पारखून घ्यावीत, कारण हे शास्त्र बोटांच्या ठशांइतके परिपूर्ण नाही. पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. तज्ज्ञाच्या मताचे स्थान कायम राहिले.

परीक्षकाची खरी अडचण आता वेगळीच आहे. तुलनेसाठी त्याला त्याच काळातल्या, सहज केलेल्या भरपूर सह्या हव्या असतात: धनादेश, पावत्या, हजेरीपट. हे सारे मोबाईलवर गेल्याने माणसे सही करणेच विसरत चालली आहेत. वीस वर्षांपूर्वी बँकेत दिलेला नमुना आणि आज कापऱ्या हाताने केलेली सही जुळत नाही, आणि खिडकीपलीकडून सांगितले जाते की सही चुकली. कागदावर ती थरथर खोट्या सहीसारखीच दिसते. हात मात्र त्याच माणसाचा असतो.