कव्हरवर नसलेली नावं

ज्या काळात घरोघरी रेकॉर्ड वाजत, त्या काळात ऐकणाऱ्याला एक सवय असायची. सुई तबकडीवर टेकली की कव्हर उलटं करायचं आणि मागची बारीक अक्षरं वाचत बसायचं. गायक कोण, चाल कुणाची, सतार कुणाची. आज मी बोलणार आहे ते त्या बारीक अक्षरांतही नसलेल्या नावांबद्दल. विषय पाश्चात्त्य रॉक संगीताचा आहे, पण दचकू नका. ही गोष्ट फिरत फिरत आपल्या मुंबईच्या फोर्टापर्यंत येते.

बीटल्स हे नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. लिव्हरपूलचे चार तरुण, त्यांनी जग वेडं केलं. त्यांची 'रिव्हॉल्व्हर' ही रेकॉर्ड १९६६ साली आली. तिच्यात 'एलेनॉर रिग्बी' नावाचं गाजलेलं गाणं आहे. त्या गाण्यात चौघांपैकी एकानंही वाद्य वाजवलेलं नाही. चार व्हायोलिन, दोन व्हियोला, दोन चेलो असे आठ वादक बाहेरून आले, वाजवून गेले. कव्हरवर त्यांच्यापैकी कुणाचंही नाव नाही.

त्याच रेकॉर्डवर 'लव्ह यू टू' हे जॉर्ज हॅरिसनचं गाणं आहे. त्यात तबला आहे, आणि तबलजीचं नाव कव्हरवर छापलेलं आहे. ते नाव आहे अनिल भागवत. लंडनमध्ये अयाना अंगडी नावाचे गृहस्थ 'एशियन म्युझिक सर्कल' ही संस्था चालवत. एका संध्याकाळी त्यांचा भागवतांना फोन आला, वाजवायला मोकळे आहात का? कुणाबरोबर वाजवायचं आहे, हे भागवतांना नीट ठाऊक नव्हतं. दारात रोल्स रॉइस येऊन उभी राहिली तेव्हा प्रकाश पडला. कव्हरवर आपलं नाव आलं याचा अभिमान त्यांनी पुढे बोलून दाखवला. एका ओळीचं मोल काय असतं, ते अशा वेळी कळतं.

आता पुढचं वर्ष, १९६७. 'सार्जंट पेपर' ही रेकॉर्ड आली. तिच्यात 'विदिन यू विदाउट यू' हे हॅरिसनचं गाणं आहे, आणि त्यात दिलरुबा, तंबोरा आणि तबला आहे. वादक याच अंगडींच्या संस्थेतून आले होते. या वेळी मात्र कव्हरवर नाव नाही. या कव्हरची गंमत अशी की त्यावर जगभरातल्या नामवंतांचे चेहरे दाटीवाटीनं उभे केले आहेत. त्यात परमहंस योगानंदांसह चार भारतीय योगी आहेत. गांधीजींचंही चित्र होतं, पण भारतात नाराजी होईल या भीतीनं कंपनीनं ते काढायला लावलं. म्हणजे कुणाला ठेवायचं, कुणाला वगळायचं, याचा विचार बारकाईनं झाला होता. चार योग्यांना जागा मिळाली, चार वादकांना नाही.

ती नावं उजेडात आली २०१७ साली, पन्नास वर्षांनी, लिव्हरपूल विद्यापीठाच्या पुढाकारानं. दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कन्सारा, तबल्यावर नटवर सोनी. ही नावं उच्चारायला मला दहा सेकंदही लागली नाहीत.

नाव गाळण्यामागे प्रत्येक वेळी दुष्टावा होता असं मी म्हणणार नाही. वादक बोलवायचा, बिदागी द्यायची आणि हिशेब मिटवायचा, ही सगळीकडची रीत होती. कधी करार आड यायचे. एरिक क्लॅप्टन हा केवढा मोठा गिटारवादक! सप्टेंबर १९६८मध्ये त्यानं हॅरिसनच्या 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' या गाण्यात गिटार वाजवली. त्याचा करार दुसऱ्या कंपनीशी होता. कव्हरवर त्याचं नाव आलं नाही. पुढे हॅरिसननं क्लॅप्टनच्या 'क्रीम' या बँडसाठी वाजवलं, तेव्हा तो कव्हरवर 'लांजेलो मिस्तेरिओसो', म्हणजे 'गूढ देवदूत' झाला. पण या लपाछपीत त्यांचं काही बुडालं नाही. ज्याचं नाव आधीच मोठं, त्याचं टोपणनावही लोक हुडकून काढतात. अण्णा जोशींना कोण हुडकणार?

आता फोर्टात येऊ. जानेवारी १९६८मध्ये हॅरिसन मुंबईत आला आणि फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यानं एका चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. त्याची रेकॉर्ड 'वंडरवॉल म्युझिक'. तिच्यावर मात्र वादकांची नावं छापली. सरोदवर आशिष खान, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर एस. आर. केंकरे आणि इतर. त्याच मुक्कामात आणखी एक गाणं इथल्या वादकांकडून वाजवून घेतलं, 'दि इनर लाइट'. शब्द लंडनमध्ये गायले गेले, पण वाद्यांचा सगळा मेळ मुंबईचा. मार्चमध्ये ते बीटल्सच्या नावानं लहान तबकडीवर निघालं. तिच्यावर या वादकांचा उल्लेख नाही. लहान तबकडीवर जागा नसते, असं कुणी म्हणेल. पण १९६९ साली 'गेट बॅक'च्या तबकडीवर 'बीटल्स विथ बिली प्रेस्टन' असं छापलं गेलंच. मनात असलं की जागा होते.

नावाचा प्रश्न फक्त मानाचा नाही, पोटाचाही आहे. १९७३ साली क्लेअर टॉरी ही गायिका पिंक फ्लॉइडच्या 'द ग्रेट गिग इन द स्काय'साठी एकही शब्द नसलेला आलाप गायली. बिदागी मिळाली ३० पौंड. गायिका म्हणून नाव छापलं, पण रचनेत वाटा दिला नाही. तो आलाप तिनं स्वतः घडवला होता. २००४ साली ती न्यायालयात गेली, २००५ साली तडजोड झाली आणि रचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. बत्तीस वर्षं लागली.

मी कविता लिहिणारा माणूस. आम्हा कवींनी ही चोरी फार पूर्वीच ओळखली होती. गझलेच्या मक्त्यात शायर आपला तखल्लुस गुंफतो. आपल्या संतांनीही अभंगाच्या शेवटी नाममुद्रा ठेवली. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईनं ठेवली, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ठेवली. कव्हर फाटो, पोथी हरवो, गाणारा बदलो. ओळीबरोबर नाव चालत राहतं. तबलजीला ही सोय नाही. त्याच्या सम-खालीत त्याचं नाव बसवता येत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी लिहावं लागतं.

आता गाणी फोनवर येतात आणि हातात कव्हरही उरलेलं नाही. म्हणून हे काम आता ऐकणाऱ्याचं आहे. गाणं आवडलं तर एवढं जरूर विचारा, मागे वाजवतंय कोण?