भूकंप ही देवाची शिक्षा असते का? गांधी आणि टागोरांमधला १९३४ चा वाद

कुठेही मोठी आपत्ती आली, की दोन-चार दिवसांत कुणीतरी म्हणतंच, ‘पाप फार वाढलं होतं, म्हणून हे झालं.’ असं म्हणणाऱ्याला आपण सहसा अंधश्रद्धाळू ठरवून मोकळे होतो. पण १९३४ मध्ये जवळपास हेच महात्मा गांधी म्हणाले होते. त्यांना जाहीर विरोध केला तो रवींद्रनाथ टागोरांनी. देव असेल तर दुःख का, आणि दुःखाचा दोष कुणाच्या माथी मारायचा, या प्रश्नावर आधुनिक भारतात झालेला हा बहुधा सर्वांत गाजलेला वाद.

नेमकं काय घडलं होतं?

१५ जानेवारी १९३४ ला दुपारी दोननंतर उत्तर बिहार आणि नेपाळ हादरलं. भूकंपाची तीव्रता ८ च्या आसपास होती. मुंगेर आणि मुझफ्फरपूर या शहरांची धूळधाण झाली, काठमांडू खोऱ्यातही मोठा विध्वंस झाला. दोन्हीकडे मिळून दहा हजारांहून अधिक लोक गेले.

उत्तर बिहारमध्ये आणखी एक विचित्र गोष्ट घडली. सुमारे ३०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात जमीनच जणू पातळ झाली. भेगांमधून पाणी आणि वाळू उसळून वर आली, विहिरी वाळूने भरल्या, शेतं वाळूखाली गेली, घरं तिरकी होऊन खचली. साखर कारखाने मोडल्यामुळे उभ्या उसाचं काय करायचं, हा शेतकऱ्यांपुढे वेगळाच पेच होता.

गांधीजी काय म्हणाले?

गांधीजी तेव्हा दक्षिणेत होते. अस्पृश्यतेविरुद्धचा त्यांचा देशव्यापी दौरा नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याहून सुरू झाला होता. २४ जानेवारीला तिरुनेलवेलीच्या सभेत त्यांनी सांगितलं, की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली शिक्षा आहे, असं आपल्याला वाटतं.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपत्तीला शिक्षा म्हणणारे बहुतेक लोक बोट दाखवतात ते दुसऱ्याकडे, आणि बऱ्याचदा दुबळ्यांकडेच. गांधीजींचं बोट स्वतःच्या समाजाकडे, सवर्ण हिंदूंकडे होतं. त्यांचा हेतू मदत आणि आत्मशुद्धी यांची सांगड घालण्याचा होता. पण हेतू चांगला असला म्हणून युक्तिवाद बरोबर ठरतो का?

टागोरांचा आक्षेप

टागोर हे गांधीजींचे विरोधक नव्हते. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवडा तुरुंगात गांधीजींनी उपोषण सोडलं, तेव्हा टागोर मुद्दाम पुण्याला येऊन त्यांच्याजवळ होते. अस्पृश्यता हा कलंक आहे, यावर दोघांचं एकमत होतं. म्हणूनच टागोरांनी आधी पत्र लिहून, तुम्ही खरंच असं म्हणालात का, याची खात्री करून घेतली आणि आपलं निवेदन गांधीजींकडेच पाठवलं. गांधीजींनी ते १६ फेब्रुवारी १९३४ च्या ‘हरिजन’मध्ये छापलं आणि त्याच अंकात उत्तरही दिलं. हे साप्ताहिक आदल्या वर्षी पुण्यातूनच सुरू झालं होतं.

टागोरांचं म्हणणं थोडक्यात असं. भौतिक घटनांची कारणं भौतिकच असतात. माणसाच्या नीती-अनीतीचा जमिनीखालच्या हालचालींशी संबंध जोडला, तर तर्काला काही अर्थच उरत नाही. शिवाय हा न्याय तरी कसला? अस्पृश्यता पाळणारे दूर सुरक्षित राहिले आणि मेली लहान मुलं. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्या दलितांचीही घरं पडली. असा अंदाधुंद दंड देणाऱ्या दैवापेक्षा साधा माणूसही नैतिकदृष्ट्या वरचढ म्हणायचा.

त्यांचा सर्वांत धारदार मुद्दा पुढे होता. हा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच जास्त शोभतो. सनातनी मंडळी उद्या म्हणतील, की गांधींनी धर्म बुडवला म्हणून धरणी कोपली. मग त्यांना काय उत्तर देणार?

गांधीजींचं उत्तर

गांधीजी मागे हटले नाहीत. देवाचे सगळे नियम आपल्याला ठाऊक नाहीत आणि त्याच्या इच्छेशिवाय पानही हलत नाही, ही आपली श्रद्धा आहे; भौतिक घटनांचे परिणाम आध्यात्मिकही असतात, असं त्यांनी लिहिलं. हे सिद्ध करता येणार नाही, हेही त्यांनी मान्य केलं. पण ही समजूत चुकीची निघाली, तरी ती माणसाला पश्चात्तापाकडे नेते, म्हणून तिचा लाभच आहे, असा त्यांचा दावा होता.

याला नुसती अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणं सोपं आहे. जमीन का हलली, हे भूगर्भशास्त्र सांगतं. माझंच मूल का गेलं, या प्रश्नाला ते उत्तर देत नाही. गांधीजी त्या दुसऱ्या प्रश्नाशी झगडत होते. अडचण अशी, की स्वतःच्या दुःखातून स्वतः अर्थ शोधणं वेगळं आणि ढिगाऱ्यापाशी बसलेल्या दुसऱ्याला त्याच्या दुःखाचं कारण सांगणं वेगळं. त्यांच्या विधानात या दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या.

जवाहरलाल नेहरूंनाही या विधानाचा धक्का बसला होता. नंतर तुरुंगात लिहिलेल्या आत्मचरित्रात त्यांनी टागोरांची बाजू घेतली. शिक्षा आहे हे मानलं, तरी ती नेमक्या कोणत्या पापाची, हे ठरवायचं कसं, असा त्यांचा सवाल होता. परकी सत्ता सहन केल्याची म्हणता येईल. दरभंग्याच्या महाराजांचं प्रचंड आर्थिक नुकसान झालं, त्यामुळे जमीनदारीचीही म्हणता येईल!

वाद जुनाच

‘देव दयाळू आहे आणि सर्वशक्तिमानही आहे, मग दुःख का?’ हे कोडं शेकडो वर्षांपासून तत्त्वज्ञांपुढे आहे. युरोपात ते ऐरणीवर आलं १ नोव्हेंबर १७५५ ला. त्या दिवशी सर्व संतांचा सण होता. सकाळी चर्च भरलेली असताना पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने कोसळली, मग त्सुनामी आली, मग आगी भडकल्या. जग जसं आहे तसंच उत्तम आहे, असं सांगणाऱ्यांची व्होल्तेअरने खिल्ली उडवली. तरुण कांटने भूकंपाची भौतिक कारणं शोधणारे निबंध लिहिले. ती कारणं चुकीची होती, पण दिशा बरोबर होती. रूसोने व्होल्तेअरला लिहिलेल्या पत्रात तिसरंच काही सुचवलं: सहा-सात मजली हजारो घरं एकाला एक चिकटून निसर्गाने बांधली नव्हती.

भारतात या प्रश्नाचं मुख्य उत्तर कर्मसिद्धान्ताने दिलं. देव पक्षपाती आणि निर्दय आहे का, ही शंका ब्रह्मसूत्रांतच आहे. नाही, तो ज्याच्या-त्याच्या कर्मानुसार फळ देतो, असं तिचं उत्तर आहे. तर्काला हे नीटस वाटतं. पण ज्याच्या वाट्याला दुःख आलं, तोच त्याला जबाबदार ठरतो, ही त्याची किंमत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथेच बोट ठेवलं. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी गतजन्मीच्या कर्मावर आजची स्थिती ठरते, ही कल्पना नाकारली. गरिबांच्या आणि दुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्यसंस्थेला आणि समाजाला टाळता यावी, यापलीकडे तिचा काही हेतू दिसत नाही, असं त्यांचं मत होतं.

पुढे काय झालं?

गांधीजी मार्चमध्ये बिहारला गेले. राजेंद्र प्रसादांच्या पुढाकाराने तिथे मदतकार्य चालू होतं. अस्पृश्यताविरोधी दौराही थांबला नाही. एप्रिलमध्ये बिहारमधल्याच जसीडीहला सनातन्यांनी त्यांच्या मोटारीवर हल्ला केला. जूनमध्ये पुण्यात त्यांची समजून दुसऱ्याच मोटारीवर बॉम्ब टाकला गेला. टागोरांशी स्नेह मात्र टिकला. १९३६ मध्ये विश्वभारती आर्थिक अडचणीत असताना गांधीजींनीच टागोरांना साठ हजार रुपये मिळवून दिले.

महाराष्ट्राने हा प्रश्न अनुभवला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. गणेश विसर्जनाच्या रात्री झोपलेली लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावं चारच्या सुमारास गाडली गेली आणि हजारो माणसं मेली. किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर, म्हणजे बिहारच्या भूकंपापेक्षा कितीतरी कमी होती. पण घरांच्या भिंती जाडजूड दगडांच्या होत्या आणि माळवदावर मातीचा जड थर होता. बिहारमध्ये दुपार असल्याने बरेच लोक घराबाहेर होते. किल्लारीत सगळे आत झोपले होते.